किलोभर विसवणीमागे किती समुद्र?

दहावीला अन्नसाखळी शिकवताना मी पिरॅमिडची, म्हणजे पायरीपायरीनं वर निमुळती होत जाणारी, आकृती फळ्यावर काढतच नाही. आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात रोज दिसणारी मासळी घेते: तारले आणि विसवण, म्हणजे सुरमई.

समुद्रात उन्हाची ऊर्जा पहिल्यांदा पकडतात ती डायटमसारखी नुसत्या डोळ्यांना न दिसणारी शेवाळं. पडलेल्या उन्हातला एक टक्कासुद्धा त्यांच्या हाती लागत नाही. पावसाळ्यात किनाऱ्यालगत खालचं थंड पाणी वर येतं, सोबत नायट्रेट-फॉस्फेट आणतं, आणि डायटम झपाट्यानं वाढतात. तारले ती कल्ल्यांच्या चाळणीनं गाळून खातात. तारल्यांवर विसवण जगते. दर पायरीला साधारण दहा टक्केच ऊर्जा पुढे जाते. काही खाल्लंच जात नाही, काही पचत नाही, आणि उरलेल्यातलं बहुतेक श्वसनात, पोहण्यात उष्णता होऊन निघून जातं. नायट्रेट परत वर येतं, ही उष्णता कधीच परत येत नाही. म्हणजे किलोभर विसवणीमागे दहा किलो तारले, त्यांच्यामागे शंभर किलो डायटम. मध्ये प्राणिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांची, पायरी आली की हजार.

यंदा एका मुलीनं विचारलं, "टीचर, मग समुद्र हिरवागार का दिसत नाही?" इतका चांगला प्रश्न वर्गात क्वचित येतो. डायटमची संख्या एखाद-दोन दिवसांत दुप्पट होते आणि तितक्याच वेगानं ती खाल्ली जातात. म्हणून कुठल्याही एका क्षणी त्यांचं वजन त्यांना खाणाऱ्यांपेक्षा कमी भरू शकतं. वजनाचा पिरॅमिड असा उलटा होतो. ऊर्जेचा मात्र कधीच होत नाही.

हा ऊर्जेचा हिशेब मांडणारा रेमंड लिंडमन अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या एका लहानशा तळ्यावर काम करत होता. 1942 साली, वयाची 27 वर्षं पूर्ण होण्याआधीच तो गेला. त्याचा निबंध त्यानंतर काही महिन्यांनी छापून आला. मुलांना हे मी आवर्जून सांगते.

आपल्या गोव्याचा राज्यमासा शेवटो तर चिखलातली शेवाळं आणि कुजका पाला खाऊन वाढतो. इतक्या खालच्या पायरीवरचा मासा इतका चविष्ट असावा, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

म्हणूनच ताजे तारले फिशमीलच्या, म्हणजे मासे वाळवून-दळून केलेल्या खाद्याच्या, कारखान्यात जातात याचा मला त्रास होतो. किलोभर फिशमीलला चार-पाच किलो ओले मासे लागतात. त्यातलं बरंच वजन पाण्याचं, हे खरं. पण ते फिशमील सुंगटांना, म्हणजे कोळंबीला, घातलं की ताटात थेट येऊ शकणाऱ्या माशापुढे आपण आणखी एक पायरी बांधतो, आणि त्या पायरीवरही ऊर्जा गळतेच. फिशमील करायचंच तर साफ केलेल्या मासळीची डोकी, काटे, आतडी वापरावीत. हुमणाला, म्हणजे माशाच्या कालवणाला, चालतील असे तारले त्यात घालू नयेत.