कॅंटरबरी : एका कुरकुऱ्या ऑर्गनच्या मागावर

लंडनच्या सेंट पँक्रसहून वेगवान गाडीने तासाभरात कॅंटरबरी वेस्टला उतरलो. व्हिक्टोरियाहूनही गाडी आहे, पण ती कॅंटरबरी ईस्टला सोडते आणि अर्धा तास जास्त घेते. सायकल भाड्याने ठरवली असेल तर स्टेशन आधी नीट बघा.

कॅथेड्रल पाहण्याजोगं आहेच, पण मी आलो होतो प्रोग्रेसिव्ह रॉकच्या (जॅझ आणि अभिजात संगीताकडे झुकणाऱ्या, लांब रचनांच्या रॉकच्या) कॅंटरबरी शाखेच्या मागावर, आणि ती तिथे रुजली नाही. ती रुजली शाळेत आणि भाड्याच्या खोल्यांत. शहराच्या दक्षिणेला नॅकिंग्टन रोडजवळ सायमन लँग्टन ग्रामर स्कूल आहे. या शाखेचे वादक रॉबर्ट वायट, माइक रॅटलेज, ब्रायन आणि ह्यू हॉपर इथलेच विद्यार्थी. शाळा चालू आहे, त्यामुळे रस्त्यावरूनच बघून पुढे निघालो. डोव्हरच्या वाटेवरच्या लिडनला वायटच्या आईचं मोठं घर होतं. १९६१ च्या सुमारास डेव्हिड अ‍ॅलन हा ऑस्ट्रेलियन तिथे भाडेकरू म्हणून आला आणि सोबत जॅझच्या तबकड्या आणल्या. पुढे १९६४ मध्ये ‘वाइल्ड फ्लॉवर्स’ हा बँड झाला आणि त्याच मंडळींतून १९६६ मध्ये ‘सॉफ्ट मशीन’, १९६८ मध्ये ‘कॅरव्हान’.

या संगीताची खरी ओळख म्हणजे ऑर्गनचा तो खरखरीत आवाज. सॉफ्ट मशीनच्या रॅटलेजकडे रॉकमधला नेहमीचा हॅमंड नव्हे, लाउरी कंपनीचा ऑर्गन होता. गिटारच्या तोडीस तोड वाजावा म्हणून त्याने त्याचा आवाज फज बॉक्समधून (आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या डबीतून) काढला. पण अ‍ॅम्प्लिफायर मोठा ठेवला की पट्टीवरून बोट उचलताच फीडबॅकची, म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा यंत्रात शिरून होणारी, किंकाळी येई. मग पुढची पट्टी दाबल्याशिवाय आधीची सोडायचीच नाही! त्याच्या एकल वादनात दम घ्यायला जागा का नसते, याचं उत्तर यंत्राच्या या खोडीत आहे. सॉफ्ट मशीनच्या १९७० च्या ‘थर्ड’ या अल्बममध्ये हे लख्ख ऐकू येतं. लॅपटॉपच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, खालचा बास गायब होतो आणि उरते ती नुसती खरखर.

दुपारी ‘क्रॅब अँड विंकल’ या सायकलवाटेने व्हिटस्टेबलला गेलो. अंतर सुमारे १२ किलोमीटर. सुरुवातीलाच चढ आहे, दम तिथेच लागतो. पुढे ब्लीनच्या जंगलात पावसानंतर चिखल, म्हणून बारीक टायरची सायकल घेऊ नये. तिथून किनाऱ्याने सीसॉल्टरमार्गे ग्रेव्हनी गाठलं. सॉफ्ट मशीन १९६८ साली गिटारवादक जिमी हेंड्रिक्सबरोबर अमेरिकेत फिरत होते, तेव्हा कॅरव्हानची पोरं त्यांचीच सामग्री वापरून ग्रेव्हनीच्या गावसभागृहात तालीम करत आणि बाहेर तंबूत झोपत.

परतीची गाडी फॅवर्शमहून, व्हिक्टोरियाची. प्रवासात कॅरव्हानचं १९७१ चं ‘नाइन फीट अंडरग्राउंड’ लावलं. बावीस मिनिटांहून मोठी ही रचना पाच तुकड्यांत ध्वनिमुद्रित करून जोडली आहे. हेडफोन चांगले असतील तर तुकड्यांचे सांधे शोधत ऐका. मला तरी एकदोनच सापडले.