नेसणीस, अंगात, पायात

मागच्या महिन्यात आमच्या इमारतीतले आप्पा सकाळी दूध आणायला म्हणून गेले आणि परत आलेच नाहीत. वय ७६. गेली दोन वर्षं विसरायला होतंय, कधी कधी पोटच्या मुलालाच "आपण कोण?" म्हणून विचारतात. दहा वाजता सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला. साडेअकरापर्यंत आप्पा बाजूला राहिले आणि त्यांच्या सुनेवर चर्चा सुरू झाली. आदल्या रात्री घरातून चढे आवाज येत होते म्हणे. मग कुणीतरी जिन्याजवळच्या कॅमेऱ्यातलं दृश्य टाकलं. सून पहाटे सहाला हातात पिशवी घेऊन बाहेर पडतेय. पिशवीभोवती लाल गोल काढलेला, आणि खाली प्रश्न, "एवढ्या पहाटे पिशवीत काय?"

तो गोल बघितला आणि माझ्या पोटात गोळा आला. असा गोल मी आधी एकदा पाहिला होता. तेव्हा मी तो पुढे पाठवला होता.

२०१३ चा एप्रिल. मी बॉस्टनजवळ वॉल्थमला राहत होते. १५ तारखेला मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेपाशी दोन बॉम्ब फुटले. तीन माणसं गेली, अडीचशेहून जास्त जखमी झाली, कित्येकांचे पाय कापावे लागले. आपल्या रोजच्या रस्त्यावर हे झालंय आणि आपण नुसतं बघत बसलोय, हे सहन होत नव्हतं. रेडिट या चर्चेच्या वेबसाइटवर बॉम्ब ठेवणाऱ्यांना शोधण्यासाठी एक जागा उघडली गेली होती, आणि हजारो माणसं तिथे गर्दीचे फोटो मोठे करून करून बघत होती. ज्याच्याकडे बॅग तो संशयित. रोज ऑफिसातून आले की मीही तेच करायचे. १८ तारखेला न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने तर अशाच दोन बॅगवाल्यांचा फोटो पहिल्या पानावर छापला. त्यातला एक शाळेत शिकणारा धावपटू होता. दोघांचाही स्फोटाशी काही संबंध नव्हता.

त्याच संध्याकाळी एफबीआयने दोन संशयितांचे फोटो जाहीर केले. एकाची टोपी काळी, दुसऱ्याची पांढरी आणि उलटी घातलेली. फोटो धूसर होते. रात्र झाली तसं त्या पांढऱ्या टोपीवाल्याच्या शेजारी कुणीतरी तिसराच एक फोटो चिकटवला.

तो एका हरवलेल्या मुलाचा फोटो होता. ब्राउन विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकणारा, २२ वर्षांचा, भारतीय वंशाचा. १६ मार्चला तो प्रॉव्हिडन्समधल्या राहत्या घरातून निघून गेला होता. फोन घरात, पाकीट घरात. घरचे महिनाभर त्याला शोधत होते, फेसबुकवर पान काढून ओळखी-अनोळखी सगळ्यांना मदत मागत होते. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या रात्री ते हजारो ठिकाणी लिहिलं गेलं, त्यातलं एक ठिकाण माझं होतं.

दोन चेहरे शेजारी शेजारी, नाकावर रेघ, भुवईवर रेघ, हनुवटीवर रेघ. मला तो खरोखरच तोच वाटला. साडेदहाच्या सुमाराला तिथल्या एमआयटी विद्यापीठाच्या आवारात एका पोलिसाला गोळ्या घातल्या गेल्या. मध्यरात्रीनंतर शेजारच्याच वॉटरटाउनमध्ये गोळीबार सुरू झाला. माझ्या खिडकीवरून हेलिकॉप्टरं जात होती, आणि कॉम्प्युटरवर मी पोलिसांच्या वायरलेसचं थेट बोलणं लावून बसले होते. त्या बोलण्यात एका पोलिसाने कुणाचं तरी आडनाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, "एम, माइकमधला एम." तेवढ्यावरून ऐकणाऱ्यांनी त्या माणसाचं नावच माइक करून टाकलं. पावणेतीनच्या आसपास ट्विटरवर बातमी फिरली की पोलिसांनी वायरलेसवर दोन नावं घेतली, एक हा 'माइक' आणि दुसरा तो हरवलेला मुलगा. मी तर स्वतः ऐकत होते. मी ते नाव ऐकलं नव्हतं. तरी वाटलं, माझं लक्ष नसेल, निसटलं असेल. मी ती बातमी फेसबुकवर टाकली. नंतर लोकांनी त्या रात्रीचं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा तपासलं. त्या मुलाचं नाव त्यात कुठेच सापडलं नाही.

तेवढ्यात आईचा फोन आला. नाशिकला दुपारचे बारा वाजून गेले असतील. टीव्हीवर बघून घाबरली होती. मी म्हटलं, "काळजी करू नकोस, कोण आहे ते कळलंय. आपल्याकडचाच एक मुलगा आहे, महिन्यापूर्वी हरवलेला."

आई थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अगं, हरवलेला सापडला ना? मग त्याच्या आईला कुणी कळवलं का?"

मला उत्तर देता येईना. त्या घरात त्या वेळी काय चाललं होतं ते मला पुढे वाचून कळलं. पत्रकारांचे फोनवर फोन येत होते. लेकाला शोधण्यासाठी काढलेल्या पानावर इतक्या घाणेरड्या शिव्या येऊन पडत होत्या की घरच्यांनी ते पान रात्रीतून बंद केलं. आणि आम्ही? पान बंद झालेलं दिसलं तसे आम्ही आणखीनच खात्रीने बोलायला लागलो. बघा, पुरावा लपवतायत. हे वाक्य मी स्वतः लिहिलं नाही, पण वाचून मान डोलावली होती.

उजाडेपर्यंत खरी नावं बाहेर आली. ते दोघे भाऊ होते, या मुलाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. २२ एप्रिलला रेडिटच्या व्यवस्थापकांनी त्या कुटुंबाची जाहीर माफी मागितली. २३ तारखेला ब्राउन विद्यापीठाच्या रोइंगच्या प्रशिक्षकाला प्रॉव्हिडन्समधल्या इंडिया पॉइंट पार्कजवळच्या पाण्यात मृतदेह दिसला, आणि दोन दिवसांनी ओळख पटली. तो मुलगा बरेच दिवस पाण्यात होता. आम्ही ज्याच्या नाकावर रेघा ओढत होतो, तो तेव्हा या जगातच नव्हता.

आमच्या इतक्या हजार डोळ्यांपैकी एकही डोळा त्याला शोधत नव्हता, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्याच्या घरच्यांनी वर्णन दिलं होतं. निळी जीन्स, काळं जॅकेट, चष्मा, डोक्याला फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाची लोकरीची टोपी. ते वर्णन आम्ही धड वाचलंसुद्धा नाही.

तेव्हापासून मला हरवलेल्यांच्या जाहिराती वाचायची सवय लागली. आपल्याकडच्या पोलिसांची त्यातली भाषा ठरलेली असते. रंग सावळा, बांधा सडपातळ, नेसणीस अमुक, अंगात तमुक, पायात चप्पल, भाषा मराठी-हिंदी बोलतो. पूर्वी मला ती रुक्ष वाटायची. आता वाटतं, हरवलेल्या माणसाबद्दल याच्याइतकं कामाचं दुसरं काही लिहिता येत नाही. कुणाच्या मनात काय होतं, घरात भांडण होतं का, यातलं तिथे काही नसतं.

इंटरनेटवर शोध घेऊन माणूस सापडतो, हेही खरं आहे. अमेरिकेत केंटकीमध्ये जॉर्जटाउनजवळ १९६८ साली ताडपत्रीत गुंडाळलेला एका तरुण बाईचा मृतदेह सापडला होता. तीस वर्षं तिला नाव नव्हतं, लोक तिला 'टेंट गर्ल' म्हणायचे. ज्यांना ती सापडली त्यांचा जावई, टॉड मॅथ्यूज, टेनेसीतला कारखान्यातला कामगार. तो रात्र रात्र जागून हरवलेल्यांच्या नोंदी वाचायचा. १९९८ च्या जानेवारीत त्याला एका बहिणीने लिहिलेली नोंद दिसली. तिची बहीण १९६७ च्या अखेरीला लेक्सिंग्टन भागातून नाहीशी झालेली, केस तपकिरी, उंची साधारण ५ फूट २ इंच. त्याने ते जगजाहीर केलं नाही. त्या बहिणीशी बोलला, पोलिसांकडे गेला. दफन उकरलं गेलं, डीएनए जुळला, आणि त्या कबरीला नाव मिळालं. पुढे हरवलेल्या आणि अनोळखी मृतांच्या सरकारी यादीचं कामच त्याने केलं. त्यानेही आमच्यासारखंच रात्री पडद्यासमोर बसून काम केलं, पण तो बहिणीच्या बाजूला बसला होता.

तर आप्पा.

मी ॲडमिनला फोन करून तो लाल गोलवाला फोटो काढायला लावला. मग खाली जाऊन त्यांचं दार वाजवलं. सून नुकतीच सातपूरहून कामावरून धावत आली होती. तिची फर्स्ट शिफ्ट असते, पिशवीत डबा होता. ग्रुप तिने वाचलेला होता. डोळे सुजले होते. मी एवढंच विचारलं, "आप्पांच्या अंगात काय होतं, काही आठवतंय?"

तिने डोळे पुसले आणि सरळ दोरीकडे गेली, वाळत घातलेले कपडे मोजले. नेसणीस पांढरा पायजमा, अंगात चौकटीचा शर्ट, वरून दुसरं बटण वेगळ्या रंगाचं, कारण तिनेच शिवलं होतं. मग दाराबाहेरच्या रॅकसमोर उकिडवी बसली. एक एक जोडी बाजूला करत गेली. शेवटी हातात दोनच राहिल्या, तिच्या नवऱ्याची एक निळी स्लीपर आणि आप्पांची एक तपकिरी चप्पल. दोन्ही उजव्या पायाच्या.

"दोन्ही डाव्याच घालून गेलेत ते," ती म्हणाली. "फार लांब नाही चालता यायचं त्यांना. बसने नाहीतर गाडीने गेले असतील."

तेवढंच लिहिलं. एका पायात निळी स्लीपर, दुसऱ्यात तपकिरी चप्पल, दोन्ही डाव्या पायाच्या. मिसिंगच्या तक्रारीत तिच्या नवऱ्याने ते घालून घेतलं, रेल्वे पोलिसांनाही दिलं. तिसऱ्या दिवशी इगतपुरी स्टेशनवरच्या एका चहावाल्याचा फोन आला. फोटोवरून त्याने ओळखलं नसतं, दाढी वाढली होती. पण दोन दिवस बाकड्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला तो चहा देत होता, आणि चहा ठेवताना रोज त्याची नजर पायांवर जायची.

आप्पा घरी आहेत. त्यांच्या खिशात आता नाव-पत्त्याचं कार्ड असतं, शर्टाला आतून नंबरही शिवलाय. सून त्या दिवशी ग्रुपमधून बाहेर पडली. ॲडमिनने तिला दोनदा लिंक पाठवली. ती अजून आलेली नाही.