डावीकडचा डॉलर

रविवारची रात्र, दोन वाजून गेलेले. मी पुण्यात घरी लॅपटॉपसमोर, नेटवर्क स्विच (उपकरणं एकमेकांना जोडणारा डबा) चाकणच्या एका कारखान्यात. कॅमेऱ्यांसाठीचे चौदा नवे व्हीलॅन (एकाच जाळ्यातली वेगळी केलेली आभासी नेटवर्कं) दोन ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडण्यांवर, टाकायचे होते: एक नवा, रिकामा पोर्ट आणि दुसरा चालू अपलिंक, म्हणजे स्विचला बाकीच्या नेटवर्कशी जोडणारा पोर्ट. माझं सेशनही त्या अपलिंकवरूनच चाललेलं.

सुरुवातीला कन्फिगरेशन सेव्ह केलं आणि ‘रीलोड इन १०’ दिलं; मी रद्द केलं नाही, तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्यावर परततो. दूरवरच्या स्विचला त्याशिवाय मी हात लावत नाही.

नव्या पोर्टवर ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन’ (कोणते व्हीलॅन जाऊ द्यायचे त्याची यादी) आणि पुढे त्यांचे चौदा आकडे. काम झालं. मग अपलिंकवर जाऊन वरचा बाण दाबला, तीच कमांड परत आली. इथे मात्र ‘व्हीलॅन’नंतर ‘ॲड’ हवं, नाहीतर जुनी यादी पुसून नवीच बसते. हे मला झोपेतही माहीत आहे.

पण ओळ ८० अक्षरांत मावत नव्हती. सिस्कोचा स्विच अशी ओळ डावीकडे सरकवतो आणि सुरुवातीला नुसतं डॉलरचं चिन्ह ठेवतो. समोर दिसत होते फक्त आकडे. त्यातला शेवटचा चुकलेला दिसला, ३२७ च्या जागी ३७२. बॅकस्पेस, दुरुस्ती, एंटर.

कर्सर गोठला.

‘ॲड’ राहून गेलं होतं, आणि ज्यावरून मी स्विचशी जोडलेले तो मॅनेजमेंटचा व्हीलॅन त्या चौदांत नव्हताच. पोटात गोळा आला. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियन काकांना फोन लावला.
“मॅडम, दिवे तर सगळे लागलेत. बंद करून चालू करू का?”
“नको काका, हात लावू नका. तो आपोआप रीस्टार्ट होईल.”

पिंग (स्विच उत्तर देतो का ते तपासणारी कमांड) लावून बसले. टाइम आउट, टाइम आउट. दहा मिनिटं संपली, काका म्हणाले, “गेले बघा दिवे.” पुढची चार-पाच मिनिटं बूट होण्यात गेली आणि उत्तर आलं. जुनं कन्फिगरेशन जसंच्या तसं. नव्या पोर्टचं काम तेवढं पुन्हा करावं लागलं.

‘टर्मिनल विड्थ’, म्हणजे ओळीची रुंदी, आधीच वाढवली असती तर अख्खी ओळ डोळ्यांसमोर राहिली असती. ती त्या सेशनपुरतीच टिकते म्हणून मी कंटाळा करायचे.

पुन्हा रीलोडचा टायमर लावला. नवा पोर्ट उरकला, अपलिंकवर आले, वरचा बाण. या वेळी कंट्रोल-ए, ओळीच्या सुरुवातीला नेणारं. डॉलर उजव्या टोकाला गेला आणि ‘स्विचपोर्ट’ दिसलं. एस्केप-एफने एकेक शब्द ओलांडत ‘व्हीलॅन’पर्यंत पोहोचले, ‘ॲड’ लिहिलं, ओळ मोठ्याने वाचली.

फोनवर काका अजून होतेच. “झालं का, मॅडम?”
“थांबा काका, एंटर मारते.”