‘ऑफ’च्या पुढचं झाका

‘ईच ऑफ द बॉईज हॅव अ बुक.’ आठवीच्या सहामाहीत या वाक्यानं माझा अर्धा मार्क खाल्ला. पेपर घेऊन इंग्रजीच्या बाईंशी भांडायला गेलो. मुलगे अनेक, मग ‘हॅव’ का नाही? बाई काही बोलल्या नाहीत. ‘ऑफ द बॉईज’वर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, “आता वाच.” उरला एकटा ‘ईच’. एकेक जण. त्याला ‘हॅज’च.

मग फळ्यावरही तेच सुरू झालं. आयदर, नायदर, ईच आले की बाई ‘ऑफ’च्या पुढचं हातानं झाकायच्या. तास संपेपर्यंत त्यांच्या तळहातावर ‘बॉईज’ उलटा उमटलेला असायचा.

‘एव्हरीवन’नं मात्र वर्गाला छळलं. दोष मराठीचा. ‘सगळे आलेत’ असं मनात म्हणून आम्ही बिनदिक्कत ‘एव्हरीवन हॅव कम’ लिहायचो. बाई म्हणाल्या, “सगळे नाही, प्रत्येक जण म्हणा. प्रत्येक जण आलेत, असं बोलता का घरी?” ‘फ्यू’, ‘मेनी’, ‘बोथ’ उघड अनेकवचनी, त्यांचा त्रास कधी झाला नाही.

हाताची युक्ती पक्की बसली आणि बाईंनीच ती मोडली. ‘सम ऑफ द वॉटर इज’, पण ‘सम ऑफ द बुक्स आर’. सम, एनी, ऑल, मोस्ट यांच्यापुढचं झाकलंत तर फसलात. तिथे उलट आत डोकावायचं. ‘नन ऑफ द बॉईज’ला तर इज आणि आर दोन्ही चालतं, हे कळल्यावर आम्ही बाकं वाजवली होती.

एकदा मीही त्यांना पेचात धरायला गेलो. “एव्हरीबडी हॅज कम, हॅवन्ट दे? बाई, सुरुवातीला एक होता, शेवटी ‘दे’ कुठून आले?” बाई मनापासून हसल्या. “क्रियापद शब्दाचं रूप बघतं रे, सर्वनाम माणसं मोजतं. आलेली माणसं एकच आहेत का?” इतकं नेमकं उत्तर मला पुढे कॉलेजातही मिळालं नाही.

आता दिवसभर इंग्रजी मजकूर तपासतो. ‘वन ऑफ द...’ दिसलं की अंगठा आपोआप पुढच्या शब्दांवर जातो. मोबाइलवर त्यानं पानच सरकतं, आणि वाक्य पुन्हा शोधत बसावं लागतं.