लेकरू तोडायचं पाप कशाला घेता? तुम्ही विचारलंत म्हणून

न्यू जर्सीतल्या मंडळाच्या गणपतीत असो की साताऱ्याच्या फोनवर, प्रश्न तोच येतो : "परक्यांच्या घरात शिरून आईपासून लेकरू तोडायचं पाप तुम्ही कशाला घेता?" परदेशात सरकारने आपल्या लोकांची मुलं उचलून नेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या आहेत, म्हणून त्यातला राग मला कळतो. मी इथल्या कोर्टाने मुलांसाठी नेमलेली 'कासा' स्वयंसेवक आहे; आजवर मी विषय बदलत आले. आता सांगते.

मूल मी उचलत नाही. मी येते तेव्हा ते आधीच घराबाहेर काढलेलं असतं. तो निर्णय बालसंरक्षण खात्याचा आणि न्यायाधीशांचा. खात्याला वकील असतो, आईला असतो, मुलालाही स्वतःचा वकील असतो, त्याला लॉ गार्डियन म्हणतात. मी वकील नाही, पगारी नाही. कासा स्वयंसेवक म्हणजे सुमारे ३० तासांचं प्रशिक्षण, न्यायाधीशांसमोर शपथ, आणि मग एका वेळी एकच मूल किंवा एकाच घरातली भावंडं. १९७७ मध्ये सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी हे सुरू केलं, कारण मुलाबद्दल पुरेसं कळलेलं नसताना त्याच्या आयुष्याचा निकाल द्यावा लागत होता. केसवर्कर बदलतात, घरं बदलतात. चष्मा मिळाला का, शाळा पुन्हा का बदलली, समुपदेशन का थांबलं, हे धरून बसणारं कुणीतरी लागतं. आणि मूल सुखरूप आईबापांकडे परत जावं, हाच बहुतेक खटल्यांत पहिला प्रयत्न असतो.

इथवर मी ठणकावून बोलू शकते. पण माझा अहवाल न्यायाधीश वाचतात, आणि त्यात शिफारस असते.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. मुलगा सात वर्षांचा. आई ओपिऑइडच्या, म्हणजे अफूसारख्या औषधांच्या, व्यसनातून उठत होती, मुलगा मावशीकडे होता. आई एकही भेट चुकवत नसे. त्याला आवडणारे पराठ्यासारखे टॉर्टिया घरून करून आणायची. सगळं इतकं बरं चाललं होतं की रात्रीच्या मुक्कामाला परवानगी मिळाली. त्या रात्री ती शुद्धीवर येईना, तेव्हा याने शेजारचं दार वाजवलं. ती वाचली, पुन्हा उपचारांना गेली आणि सुनावणीपर्यंत तिच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या. मुलगा मात्र मावशीकडे रात्री उठून तिचा श्वास चालू आहे ना, ते बघत राहिला.

मला तो म्हणाला, "मला मम्मीकडे जायचंय." मी ते त्याच्याच शब्दांत अहवालात सगळ्यात आधी लिहिलं. खाली शिफारस लिहिली, मावशीच्या कायदेशीर पालकत्वाची. न्यू जर्सीत २०२१ च्या दुरुस्तीने ही वाट रुंद झाली आहे : आईचा हक्क संपत नाही, भेटी राहतात, पुढे परिस्थिती बदलली तर ती कोर्टात परत येऊ शकते. लॉ गार्डियनने उभं राहून मुलाची इच्छा मांडली, ते त्याचं कामच. न्यायाधीशांनी मावशीच्या बाजूने निकाल दिला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आई माझ्यासमोर थांबली. ओरडली नाही. "त्याने तुम्हाला सांगितलं होतं ना, कुठे जायचंय ते?" मी हो म्हटलं. "मग?" मी त्या रात्रीबद्दल बोलू लागले, तर ती म्हणाली, "ती रात्र मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे."

आपल्याकडे 'माय मरो, मावशी जगो' सहज म्हणतात. इथे माय जिवंत होती, सुधारत होती.

१९९७ च्या संघीय कायद्यानुसार मूल गेल्या २२ पैकी १५ महिने फोस्टरमध्ये, म्हणजे खात्याच्या देखरेखीखाली घराबाहेर, राहिलं की, काही अपवाद सोडता, खात्याने पालकहक्क संपवण्याचा अर्ज करायचा. मूल नातेवाइकाकडे असलं तर सूट मिळू शकते. प्रशिक्षणात मी तावातावाने म्हटलं होतं की ही मुदत फार लांब आहे, लहान मुलाने एवढं ताटकळायचं का? त्या आईच्या भेटी बघताना तेच महिने मला तुटपुंजे वाटले. पण मूल तर थांबत नाही, वाढतच असतं. तेव्हाची मी आजच्या मला म्हणते, तू आईच्या दुःखात वाहून गेलीस. आजची म्हणते, तुला आई दिसलीच नव्हती. दोघींचं पटलेलं नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नातलं 'तोडायचं' मी मान्य करत नाही. 'पाप' मात्र नाकारताही येत नाही. तीच फाईल पुन्हा हातात आली तर मी शिफारस तीच करेन, आणि त्या बाईच्या 'मग?'ला तेव्हाही माझ्याकडे उत्तर नसेल.