समुद्राचा पोहरा

सोलापूरच्या माणसाला पाणी मोजण्याची सवय जडलेली असते. पाऊस लांबला की चहाच्या गाड्यावरही पहिला प्रश्न ‘उजनी किती टक्के?’ हाच असतो, आणि धरणातला उपयुक्त साठा संपून आकडा उणे झाला तरी तो उणे आकडाही आम्ही तितक्याच निगुतीने वाचतो. त्यामुळे मुंबईत समुद्रतळाच्या मोजणीचे काम करणाऱ्या भाच्याने सागरी तंत्रज्ञानाच्या प्रदर्शनाचा पास पाठवला, तेव्हा टॉवेलच्या धंद्यात उभा जन्म काढलेल्या मला तो अगदीच अनाठायी वाटला नाही. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघालो.

गोरेगावच्या त्या प्रशस्त दालनात समुद्र म्हणावा असे पाणी दोन काचेच्या टाक्यांत काय ते होते. बाकी सगळी यंत्रे कोरडी ठणठणीत. पहिल्याच दुकानातल्या तरुणाने, ‘आपण कोणत्या बंदराहून आलात?’ असे अदबीने विचारले. ‘सोलापूरहून,’ म्हटल्यावर तो क्षणभर थबकला, पण माहिती सांगण्यात त्याने कसूर केली नाही.

मी सर्वाधिक रेंगाळलो ते एका गोल सांगाड्यापाशी. त्याच्या कडेने चोवीस राखाडी नळकांडी उभी बांधलेली होती. ती दोन्ही तोंडे उघडी ठेवून तारेने खाली सोडतात, आणि हव्या त्या खोलीवर जहाजावरून संकेत दिला की त्या नळकांड्याची झाकणे फटकन मिटून तिथलेच पाणी आत कोंडले जाते. आमच्या वाड्यातल्या आडाचा पोहरा आयुष्यभर वरवरचेच पाणी आणत राहिला; तळाशी काय आहे हे त्याने कधी कळू दिले नाही. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ असे म्हणणाऱ्यांनी असला पोहरा पाहिला असता, तर आडात असूनही पोहऱ्यात न येणाऱ्या गोष्टींसाठी त्यांना आणखी एक म्हण रचावी लागली असती. सांगाड्याच्या मध्यभागी पाण्याचा दाब, तापमान आणि विद्युतवाहकता टिपणारे उपकरण होते. वाहकतेवरून खारटपणा कळतो आणि दाबावरून खोली, कारण दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढत जातो.

हा खटाटोप कशासाठी, हे पुढच्या दुकानात उमगले. खोली आता दोर सोडून नव्हे, तर आवाज सोडून मोजतात. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो, म्हणजे प्रतिध्वनी दोन सेकंदांनी परतला तर तळ दीड किलोमीटरवर. परंतु पाणी किती ऊन आणि किती खारट आहे यावर तो वेग बदलतो, तेव्हा खारटपणा ठाऊक नसेल तर खोलीही चुकते. एकाच वेळी शेकडो ध्वनिशलाका सोडून जहाज तळाचा एक रुंद पट्टा मोजते, वळते आणि शेजारचा पट्टा मोजत परत येते. पडद्यावर ते पाहताना मला धोट्याची ये-जा दिसत होती आणि पट्ट्याला ‘पन्हा’ म्हणावेसे वाटत होते. जगाच्या समुद्रतळाचा जेमतेम पाव हिस्सा अशा रीतीने विणून झाला आहे; उरलेला २०३० पर्यंत पुरा करण्याचा आंतरराष्ट्रीय संकल्प आहे. मागावर बसलेल्या माणसाला ही मुदत फारच कडक वाटेल.

शेवटी माणसाएवढ्या उंचीचा एक पिवळा तरंगक दाखवला. पोटातले तेल बाहेरच्या पिशवीत ढकलून तो फुगतो आणि वर येतो, तेल आत घेऊन बुडतो. एक हजार मीटरवर वाहत राहायचे, मग दोन हजारांपर्यंत उतरून मोजत मोजत वर यायचे आणि उपग्रहाला हिशेब द्यायचा, असा त्याचा दहा दिवसांचा फेरा. असे सुमारे चार हजार तरंगक जगभर फिरत आहेत, आणि त्यातल्या भारताच्या तरंगकांचे काम पाहणारी संस्था आहे हैदराबादला! त्सुनामीचा इशाराही तिथूनच निघतो. मुंबईहून हैदराबादला जाताना सोलापूर वाटेतच लागते, हे मी त्या तरुणाला आवर्जून सांगितले.

घरी पोहोचल्यावर संध्याकाळी भाच्याचा फोन आला. तो दुसऱ्या दिवशी मोजणीच्या जहाजावर निघणार होता. मी त्याला अरबी समुद्राच्या त्या भागातली खोली विचारू लागलो, तर माझे बोलणे पुरे होण्याआधीच त्याने विचारले, ‘मामा, उजनी किती टक्के?’