व्हिक्टोरियाचा ‘किल्ला’: पायऱ्या ८७, लिफ्ट शून्य

कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातला क्रेगडारॉक कॅसल हा किल्ला नाही. तट नाही, खंदक नाही. रहिवासी गल्लीत उभा असलेला एका कोळसासम्राटाचा ३९ खोल्यांचा दगडी वाडा आहे. बाहेरूनच बाबा म्हणाले, "ह्याला किल्ला म्हणायचं, तर राजगडाला काय म्हणायचं रे?"

दुसरी फसवणूक माझ्या व्हँकुव्हरच्या मित्राची. "आई-बाबांना खुशाल ने, लिफ्ट असणारच." नाही. मनोऱ्यापर्यंत ८७ पायऱ्या, सगळ्या पायांनीच. पहिला जिना शिकागोहून तयार करून आणलेला, ओकचा, ऐसपैस. तिथे आईला काही वाटलं नाही. पण मजले संपेनात. शेवटी तिने बसकण मारली, "तुम्ही या जाऊन, मी इथेच बरी." गुडघे दुखणाऱ्यांना इथे आणू नका. मी आणलं, चुकलो.

आणि टॅक्सी! बंदरापासून वाडा जेमतेम दोन किलोमीटर. आमच्या टॅक्सीवाल्याने "वन-वे आहे" म्हणत कुठून कुठून फिरवलं आणि ४० डॉलर घेतले. चाळीस. त्यापेक्षा फोर्ट स्ट्रीटवरून जाणारी सिटी बस घ्या, जोन क्रेसेंटला उतरा, थोडा चढ चढा. परतताना आम्ही चालत आलो. बंदरापर्यंत बहुतेक उतारच आहे.

वाड्याची कथा मात्र झकास. रॉबर्ट डन्समुअरने व्हँकुव्हर बेटाच्या कोळशावर पैसा केला, १८८७ मध्ये बांधकाम काढलं आणि वाडा पुरा व्हायच्या आत, १८८९ मध्ये वारला. बायको जोन १९०८ मध्ये गेली. मग भोवतालच्या जमिनीचे प्लॉट पाडले आणि प्लॉट घेणाऱ्यांमध्ये वाड्याची चक्क सोडत काढली! ज्याला लागला त्याने तो गहाण टाकून घालवला. पुढे लष्करी इस्पितळ, कॉलेज, शिक्षण मंडळाची कचेरी, संगीतशाळा. १९७९ पासून संग्रहालय. रंगीत काचा, गालिचे सगळं आहे, पण सोडतवाल्या माणसाची गोष्ट डोक्यातून जात नाही.

मनोऱ्यात पोचलो तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या. ऊन स्वच्छ, आणि समुद्रापलीकडे ऑलिंपिक पर्वतरांगेचे बर्फाळ डोंगर, म्हणजे थेट अमेरिका. बाबा दहा मिनिटं हलले नाहीत, राजगडाचं नावही काढलं नाही. ढग असतील तर मात्र शेवटचा चढ सोडून द्या.

दुसरा दिवस बुचार्ट गार्डनमध्ये गेला. फुलं चांगली होती.